बोट हलकं ठेवा

आधी तिनं माझे हात हुंगले.
"उसिपाचा वास येतोय," म्हणाली,
"आणि कातडी तर होडीच्या बुडासारखी.
या बोटांना काही कळायचं नाही."
मग कोमट पाणी, मग शेंगदाण्याचं तेल,
आठवडाभर, रोज, कोंबड्यांच्या गलक्यात.
लुसुंगु अकरा वर्षांची. जन्मापासून अंध.
शाळेला सुट्टी लागली की मला शिकवते:
मी, योतामु म्सिस्का, चिलुंब्याच्या देवळातला
एकतीस वर्षांचा उपदेशक.
काचबिंदूनं डोळे नेले त्याला आता तिसरं वर्ष.

पवित्र शास्त्र आलं ते ट्रकनं, खोक्याखोक्यांतून.
पूर्वी माझ्या काखेत मावायचं.
आता अख्खी भिंत अडवून बसलंय,
माझ्यापेक्षा उंच,
आणि मी त्याच्यासमोर चटईवर.
प्रभूला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

पहिल्या दिवशी मी दाबून वाचलं.
सवयच ती. व्यासपीठावर मूठ आपटत
वचनं ठोकत आलो होतो,
एकेक खिळा, समोरच्याच्या कपाळात.
"दाबू नका," ती म्हणाली,
"दाबलं की ठिपके मरतात.
मग तुमच्यानंतरच्यानं काय वाचायचं?
बोट हलकं ठेवा.
तान्ह्याच्या टाळूवरून फिरवतात तसं."

पुढच्या महिन्यात आम्ही त्या बापापाशी आलो
ज्याला दोन मुलगे होते.
ही तर मला पाठ. शंभरदा सांगितलेली.
बोट धावत होतं, जीभ त्याच्याही पुढे:
धाकट्याची उधळण, डुकरांपुढच्या शेंगा,
वाटेवर धावत सुटलेला म्हातारा,
अंगठी, वासरू, आणि शेवटी
थोरला खजील होऊन आत येतो,
भावाला मिठी मारतो, आमेन.

ती गप्प.
मग तिचं बोट माझ्या बोटावर येऊन थांबलं.
"आजोबा, हे इथे नाही."
"काय नाही?"
"मिठी.
तुम्ही आठवताय. वाचत नाही आहात.
उचला हात. मागे घ्या. परत."

मग वाचलं.
इतकं हळू की ऊन गुडघ्यावरून पावलांवर उतरलं.
थोरला शेतातून येतो.
नाचगाणं ऐकतो. आत जात नाही.
आणि बाप
(इथे अडखळलो, ठिपका न् ठिपका पुन्हा चाचपला)
बाप बाहेर येतो.
याच्यासाठीसुद्धा.
पाहुणे, वासरू, सगळं तसंच टाकून.

एकतीस वर्षं मी त्या म्हाताऱ्याला
अंगणात उभं ठेवून पुढे निघून गेलो होतो.

बाप विनवतो. मग त्याचं बोलणं संपतं.
मी बोट सरकवलं. एक मोकळी ओळ, गुळगुळीत.
त्याखाली कुठल्याशा कारभाऱ्याची
वेगळीच गोष्ट सुरू झालेली.
"आणि थोरला? गेला का आत?"
"लिहिलेलं नाही."
"पान चिकटलं असेल, बघ जरा."
"आजोबा. लिहिलेलं नाही."

ग्लॅडसन माझ्या घरापासून तीन घरं पलीकडे राहतो.
जोहान्सबर्गच्या खाणीतून परतला तो
एक सुटकेस आणि एक खोकला घेऊन.
त्या रात्री आईनं कोंबडा कापला.
मी बाहेर आंब्याखाली उभा होतो,
नंतर सांगितलं, प्रार्थनासभा होती.
सभा नव्हती.
लुसुंगु त्याची नात. तिला हे ठाऊक नाही,
किंवा असेलही. ती विचारत नाही.

संध्याकाळी तिला घरी पोचवायला निघतो,
म्हणजे तीच मला नेते,
तळ्याकडून येणारा वारा डाव्या गालावर धरून.
कुंपणापाशी मी रोज तिचा हात सोडतो.
आज सोडला नाही.
आत कुणीतरी न्सीमा ढवळतंय,
लाकडी पळी भांड्याला लागतेय, मधूनच तो खोकला.
ती हात सोडवून घेते, आत जाते.
दार लावत नाही.

चौकटीवर हात ठेवून मी उभा.
पुढचं मला पाठ नाही.