बारावी वाटी

पाव उतरले की भट्टीत तासभर ऊब उरते,
तेवढ्यावर तुझा धंदा, इनास.
कॅम्पातली बेकरी, पेद्रूमामांची मेहेरबानी,
आणि बाजारातून किलोवर आणलेल्या
चरे पडलेल्या तबकड्या:
नाटकातली पदं, कन्नड सिनेमे,
कुणाच्या तरी लग्नातली सनई.
पालथ्या पातेल्यावर ठेवायचास एकेक.
चार मिनिटांत कडा मान टाकायच्या, कापडासारख्या.
मी वडगावची, कोष्ट्याची पोर.
कापडाचं पडणं मला कळतं.

निपाणीच्या तंबाखूवाल्यांकडचं लग्न.
विहिणींना खडीसाखर द्यायला बारा वाट्या.
अकरा झाल्या.
बारावी तबकडी बिनचऱ्याची निघाली,
जहाजावर स्वयंपाकी होता त्या तुझ्या काकाची.
पिवळं लेबल, एका बाईचं पुसट नाव.
"लावून तर बघूया की," मी म्हटलं.

रेगे, तू म्हणालास. प्रेमातलं, सावकाशीचं.
मला वाटलं यंत्र बिघडलंय.
ठोका पडायला हवा तिथं काहीच नाही,
आणि मग, उशिरानं,
गिटार हळूच पाऊल टेकते.

घरी आमच्या बारा तास माग.
खटक् खटक्, धोटा जातो, धोटा येतो,
आप्पा त्याच तालात जेवतात, रागावतातसुद्धा.
दोन खटक्यांच्या मधे जागा असते
हे तेवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

ती बाई इंग्रजीत काय विचारत होती कोण जाणे.
"येणार हैस का नाही, असं कायतरी,"
तू म्हणालास, भट्टीकडं बघत.
बाहेर चौकातल्या पाट्यांना डांबर फासलेलं त्या आठवड्यात,
आत तुझी बोटं काजळीनं तेवढीच काळी.
पिठाच्या फळीवर मी ताल धरत होते, चुकीच्या जागी.
तू माझं बोट धरलंस,
थांबवलंस,
सोडलंस.
आता.
हां. आता.

एक बाजू संपली.
सुई आतल्या गोलात खरखरत राहिली.
पेद्रूमामांनी कडी वाजवली, "साकु रे, साडेनऊ झाले."
ऊब उतरत चालली होती.
अकरा दिल्या तर चालतील का, मी विचारलं नाही.
तूही काही बोलला नाहीस.
पातेलं पालथं घातलंस.

पहाटेच्या गाडीनं गेल्या बाराच्या बारा,
अर्ध्या मराठी पेपरात, अर्ध्या कन्नड.

आता कुठल्याशा विहिणीच्या ओट्यावर असेल ती.
लसूण असेल तिच्यात, नाहीतर लवंगा.
पाणी राहायचं नाही, मधे भोक आहे ना.
वर आलेली असेल दुसरी बाजू,
जी आपण लावलीच नाही.
घाईत लसूण उचलताना
खोबणीतून नख फिरत असेल तिचं,
जरासं करकरत असेल, एवढंच.

इकडं वीज जाते.
सगळ्या गल्लीचे माग एकदम थांबतात.
आप्पा घास हातात धरून वर बघतात.
मी फळीवर बोट ठेवते.
आत्ता नाही.
अजून नाही.