एकवीस दिवसांची भरती

पेपर आमच्याकडे अकराच्या चिपळूण गाडीनं येतो.
हसनमिया खतीब आधी स्वतः वाचतो,
मग घडी मोडलेला मला देतो, निम्म्या दरात.
मी तो मागून उघडतो.
राशिभविष्याखाली तीन चौकटी :
वनवीर रुद्रसेन.

या वेळची कथा कोकणात घडते, असं पहिल्याच चौकटीत छापलंय.
छापायला काय जातं?
शिमग्याच्या पालख्या निघाल्या तेव्हापासून
रुद्रसेन जॅकल शिकाऱ्याच्या लाँचमागे लागलाय,
एकवीस दिवस झाले,
आणि खाडी अजून काठोकाठ भरलेली.
अहो, सुकती नावाची गोष्ट असते.
पालशेतला ही लाँच सहा तासांत चिखलात बसली असती,
जॅकल गुडघाभर खाजणात उभा राहून
कुणाकडे तरी दोरी मागत असता
आणि कुणीतरी दिली असती,
आधी विचारून, की कुणाकडचे तुम्ही?

पुढे तो वेलीला लोंबकळून खाडी ओलांडतो.
कांदळाला कुठली वेल!
सोडून दिलं.

मग बिबट्या विहिरीत पडला
आणि मी चष्मा पुसला.
सव्वीस वर्षं वनखात्यात रोजंदारी केली,
अकरा बिबटे विहिरीतून काढले.
दोन मेलेले.

रुद्रसेन दातात सुरा धरून उडी मारतो.
सोमवारी उडी, मंगळवारी हवेत, बुधवारी हवेत,
गुरुवारी सोनाराची जाहिरात, म्हणून तो नाहीच,
शुक्रवारी पुन्हा हवेत.
किती खोल विहीर ही?
आणि सुरा कशाला?
आणि माणसं कुठायत?
घाणेकरांच्या आनशीच्या विहिरीवर चारशे जमली होती,
पोरं माडावर चढलेली,
एकानं तर भेळेची गाडी आणली.
खाली तो मोटारीच्या पाइपाला मिठी मारून,
नुसती हनुवटी पाण्याबाहेर.
आम्ही चार दोरांनी बाज सोडली.
तो चढला, बसला, लटलट कापत राहिला,
वर एकदाही पाहिलं नाही त्यानं.
आनशी विचारत होती, पाणी कधी भरू?
आणि हा मुतलाय का त्यात?
रुद्रसेनच्या गोष्टीत हे कुणी विचारत नाही.
त्या विहिरीचं पाणी कुणी पीतच नसावं.

रात्री पोलीस पाटलानं माणसं हाकलली.
आम्ही पोफळीची शिडी आत सोडली,
बॅटऱ्या विझवल्या, गोठ्यामागे जाऊन बसलो.
पावणेतीनला ओल्या नखांचा आवाज आला लाकडावर,
चार-पाच वेळा.
मग पाचोळा.
मग काही नाही.
पराक्रम एवढाच, की सगळे घरी गेले.
यात काढण्यासारखं चित्र नाही, कबूल आहे.
तीन काळ्या चौकटी देऊन
चित्रकाराला पैसे कोण देणार?

पण एक सांगायला हवं.
शनिवारच्या मधल्या चौकटीत शब्द नव्हते.
कोपऱ्यात बिबट्या, भिजलेला, कान मागे,
मांजराएवढा लहान काढलेला.
तो मात्र पाहिलेला माणूस होता.
किंवा त्यानं कधी ओलं मांजर पाहिलं असेल.
मी ती चौकट कापून
पेन्शनच्या कागदांत ठेवली.
रोजंदाराला पेन्शन नसते,
कागद असतात.

रविवारी वनवीर आलाच नाही.
सोमवारीही नाही. त्या जागी आकड्यांचं कोडं.
हसनमिया म्हणाला, बंद केलं असेल, पोरं वाचत नाहीत हल्ली.
म्हटलं, मग तो?
कोण, रुद्रसेन?
रुद्रसेन राहू दे हवेत, त्याला सवय आहे.

दुपारी पेन्सिल शोधली, ब्लेडनं टोक केलं
आणि कात्रणात शिडी काढली,
कठड्यापासून पाण्यापर्यंत.
हात कापतो, त्यामुळे वाकडी आली.
चालेल.
आनशीकडचीही वाकडीच होती.
कात्रण उलटं करून ठेवलं
आणि बाहेर ओटीवर जाऊन बसलो.