कारण : मुलगी

दर मार्चमध्ये आम्ही घराच्या आकड्याखाली उभे राहतो,
सत्त्याऐंशी बटा तीन,
आणि शेजारचे खाम काका फोटो काढतात.
एक दाराबाहेर, एक बैठकीत, एक जेवताना.
जेवण रोजचं दिसायला हवं,
म्हणून त्या दिवशी मी अख्खा मासा भाजते,
जो रोज कधीच नसतो.

आमच्या घरात अल्बम नाही.
तो नान शहरातल्या इमिग्रेशनच्या कचेरीत आहे,
लोखंडी कपाटात, बाबाच्या नावाच्या फायलीत :
माझे पडलेले दात, माझी वाढलेली उंची,
आईची ती जांभळी साडीसारखी गुंडाळलेली सिन,
सगळं साक्षांकित.

आधी कारणाच्या रकान्यात आई होती.
‘पत्नी.’
मग आई गेली. तिच्या दाखल्यावर
जाण्याचं कारण एका ओळीत लिहिलेलं होतं,
आणि त्याच आठवड्यात
बाबाच्या राहण्याचं कारण संपलं.

मी अकरा वर्षांची होते.
शाळेच्या गणवेशात मला काउंटरपुढे उभं केलं.
दारुणी बाईंनी विचारलं, हा तुझा कोण?
मी म्हटलं, फॉ.
एवढ्या एका अक्षरावर
त्यांनी त्याला वर्षभर राहू दिलं.

त्या वर्षीच्या फोटोत आम्ही दोघं
मध्ये एका माणसाची जागा सोडून उभे होतो.
खाम काका म्हणाले, जवळ या,
असं चालणार नाही त्यांना.
आम्ही सरकलो.

बाबा सुतार. फिनलंडचा, पण ते आता फक्त
मापं घेताना कळतं :
युक्सी, काक्सी, कोल्मे,
ओठांत पेन्सिल धरून.
घराचा नकाशा तो हातानेच काढतो, अर्जासोबत लागतो.
पुआचा बाजार, भातगिरणी, देवळाची भिंत,
मग डावीकडे आंब्याचं झाड.
झाड केव्हाच वादळात पडलं.
त्याच्याच फळीवर आम्ही जेवतो.
तरी दर वर्षी तो ते काढतो, पानांसकट.
म्हणतो, वळण तर तिथंच आहे ना.

गेल्या मंगळवारी मला वीस पूर्ण झाली.
कायद्याच्या लेखी आता मला बाप लागत नाही.
नऊ वर्षं मी कारण होते,
आणि एका वाढदिवसाने
केकवरची मेणबत्ती विझावी तशी विझले.

दारुणी बाईंचे केस पिकलेत.
त्यांनी चष्मा वर केला, जाडं पुस्तक चाळलं,
बोट एका कलमावर ठेवलं.
वय पन्नाशीच्या पुढे?
अठ्ठावन्न, बाबा म्हणाला.
मग दुसरा अर्ज घ्या. हा उलटा भरायचा.

उलटा म्हणजे :
जिथे तो सही करायचा तिथे मी.
जिथे त्याचं बँकेचं पुस्तक, तिथे
औषधाच्या दुकानातली माझी पगाराची चिठ्ठी.
जिथे ‘अवलंबून’ शब्दापुढे माझं नाव,
तिथे त्याचं, माझ्याच अक्षरात,
योर्मा, दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट.
तो बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता,
हात मांडीवर,
शाळेत नाव घालायला आणलेल्या पोरासारखा.
पानं मोजायला गेले तर माझ्याही तोंडून
युक्सी, काक्सी.

एक पान कमी होतं.
नकाशा.
अर्जदाराची मुलगी काढेल, बाई म्हणाल्या.

माझी रेघ त्याच्यासारखी सरळ येत नाही.
बाजार वाकडा झाला, गिरणी देवळाला टेकली.
डावीकडच्या वळणाशी पेन थांबलं.
बाबा छताच्या पंख्याकडे बघत होता.

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला.
आंबा गोड आहे का?
होता, मी म्हटलं.

शिक्का पडला : विचाराधीन, तीस दिवस.
बाबाने पाकीट काढलं.
मी पैसे आधीच भरले होते.
त्याने ते तसंच उघडं धरलं थोडा वेळ,
मग आतली एक जुनी पावती काढून
उगाच वाचू लागला.