म्हापशातलं अर्धं शटर

दारावरचा बाउन्सर मोठी लेन्स आत सोडत नाही.
खिशात मावेल असा दाखवा,
म्हटलं.
रुझार काकांनी काउंटरवर तीन ठेवले:
एकाचं झूम लांब, पण तिन्हीसांजेलाच आंधळं.
एक देखणा. नुसताच.
तिसऱ्याचे कोपरे झिजलेले, कुणा पर्यटकानं जाताना विकलेला,
भिंग एक पॉइंट आठपर्यंत उघडणारं.

"फ्लॅश मारतलीस?"
नाही. हणजुणेला गेल्या शनिवारी मारला
तर सॅक्सवाल्या इनासची फुंकच अडखळली,
नंतर बोलला नाही माझ्याशी.

काका उठले. दिवा घालवला,
शटर गुडघ्यापर्यंत ओढलं.
बाहेर पोदेराचा भोंगा, सुक्या बांगड्यांचा वास,
आत क्लबाइतकाच काळोख.
"आता काढ," म्हणाले,
आणि काउंटरच्या काचेवर बोटांनी ठेका धरला,
घुमटावर धरावा तसा.

पडद्यावर दाणेच दाणे, रवा सांडल्यासारखे.
चेहरा नाही.
चष्म्याची एक कड,
चार बोटं स्पष्ट, पाचवं
हललेलं.

त्या हललेल्या बोटाचे पैसे मोजले मी.
पट्टा मात्र फुकट मागून घेतला.