चाखायचं नाही

आमच्या धरणगावात आखाजीला
सगळं आगीवर होतं.
अंगणात तीन दगडांवर खापर पालथं,
खाली पऱ्हाट्या कडकडतात,
आणि शेवंताकाकू मांडा झेलते
या कोपरावरून त्या कोपरावर,
ओलं धोतर झटकावं तसा.
रसाला आग लागत नाही, हे खरं,
पण आंबे अढीतून तापूनच येतात
आणि ऊन पंचेचाळीस.

माझ्याकडे चुलीपासचं काम कधीच नव्हतं.
मांडा माझ्या हातून फाटतो.
लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला
तीन फाडले, तेव्हा जेठानीनं मला उचलून
ओसरीत आणून बसवलं, समोर परात ठेवली.
म्हणाली, ‘तू ते गार कर.’

त्याला दुसरं नाव नाही.
पानात डावीकडे पडतं,
म्हणून पाहुणे चटणी म्हणतात.
कैरी गावरान, कोय अजून पांढरी,
सुरीखाली बिनतक्रार कापली जाणारी.
गिरणेच्या वाळूतलं डांगर,
घागरीवर ठेवायचं त्याचंच भावंड,
त्याच्या फोडी नखाएवढ्या.
गूळ चिरायचा, किसायचा नाही,
दाताखाली एखादा खडा सापडला पाहिजे.
जिरं भाजायचं नाही. तळहातावर चोळायचं,
हाताला वास चढला की पुरे.
तिखट वरून, लाजत.
मग ताटली झाकून उठायचं.
गूळ आपला आपण पाणी सोडतो,
कैरी नरमते,
घरातल्या कुणाला कळतसुद्धा नाही
ओसरीत काय शिजलं ते.

अडचण एकच.
आगारी पडेपर्यंत जिभेला काही लावायचं नाही.
आधी गेलेल्यांचं, मग आपलं.

झेलाबाई परातीवर वाकायची,
चष्मा कपाळावर ढकलून.
‘चाखू नको व, देख.’
मी बघायची. मला कैरी दिसायची.
तिला आंबट दिसायचं.
‘अजून दोन खडे टाक,’ म्हणायची,
आणि दुपारी पानावर बसल्यावर
ते दोन खडे बरोबर असायचे.
सतरा वर्षं मी तिच्या डोळ्यांनी चाखलं.

यंदा ओसरीत घागरी दोन.
एक सासऱ्यांची, दुसरी तिची.
तिची जास्त पाझरते.
खालची फरशी दोनदा पुसली.

परातीवर वाकले. चष्मा मलाही लागलाय आता.
कैरी दिसली.
डांगर दिसलं.
दोन खडे टाकले, मग आणखी एक,
मग एक काढून घेतला.

भाऊजींनी गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडलं,
मांड्याचा तुकडा ठेवला, रस, भजं,
आणि वर चमचाभर गार.
दिवसभरात त्याला आग लागली ती एवढीच.
चर्र झालं.
करपल्या गुळाचा वास
घागरींपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

पंगत बसली.
बराच वेळ नुसता रस भुरकल्याचा आवाज.
मग पाच वर्षांची तेजू, सगळ्यांना ऐकू जाईल अशी,
‘येमा मीठ नई शे!’

हात थांबले.
मला फळीवरची बरणी दिसली,
सकाळी पुसून ठेवलेली, झाकण घट्ट.
शेवंताकाकू उठायला लागली,
तेवढ्यात भाऊजी म्हणाले, ‘राहू द्या.’
पानाकडे बघतच म्हणाले,
‘तिला चार वर्षं डॉक्टरनं मीठ तोडलं होतं.’

कुणाला आठवत नव्हतं.
मला तरी कुठे आठवत होतं.
चार आखाज्या ती आमच्यासाठी मिठाचा अंदाज सांगत होती
आणि स्वतःच्या पानात डावी बाजू
मोकळी ठेवत होती.

भाऊजींनी पुन्हा मागितलं.
मी वाढलं, त्यांच्या पानात आळणीच.
माझ्या पानात मात्र
बरणी उघडून चिमूटभर घातलं.
खोटं कशाला बोलू,
मीठ पाहिजेच त्याला.