मानशीवरचा टॉर्च

जुव्याची बस साडेनवाला येते.
मिंगेलिना उतरली, फ्रॉकचा एक खिसा
गुडघ्यापर्यंत ओढलेला.
खिशात पितळी टॉर्च, तीन सेलांचा.

"पेटत नाही." एवढंच म्हणाली.

मागचं झाकण फिरेना.
माशेलच्या बाजारात सव्वीस वर्षं दुकान माझं,
मिक्सर, इस्त्र्या, जत्रेच्या दिव्यांच्या माळा;
झाकण अडलं की मला बाहेरूनच कळतं
आत काय झालंय ते.
चष्मा चढवला, हातमोजे घातले,
जुना पेपर पसरला.
एकदा उघड्या बोटाने खरवडलं होतं
आणि त्याच बोटाने डोळा चोळला होता.
ती दुपार अजून डोळ्यात आहे.

करकरत सुटलं.
मिठागरात मीठ धरतं तसा पांढरा भुगा,
स्प्रिंगवर हिरवट निळी साय,
आणि सेल एकमेकांना चिकटलेले,
वाटणी न झालेल्या तीन भावांसारखे.

"रोकीने आणलेले बोटीवरून.
दहा वर्षं टिकतात म्हणाला."

टिकतात, बाई, खोक्यात.
वस्तूच्या पोटात घालून विसरलं
की आतल्या आत झिजतात, न सांगता,
आणि एक दिवस कातडी फोडून बाहेर.
शेवटचा कधी पेटवला होता?

तिने हिशेब केला नाही.
"कायतान गेला, त्याच्या आदल्या रात्री.
भरतीला उठायचा. बांधावरून जायचा,
मानशीची दारं लागली का बघायला.
खारं पाणी शेतात शिरलं
तर तीन वर्षं भात नाही."

मग भुग्याकडे बोट करून,
"हे ॲसिड ना?"
नाही, उलटं. हा खार. याला आंबट लागतं.
माझी बाटली नेमकी रिकामी.
तिने पिशवीतून माडाचं विनागर काढलं,
कुणाला तरी द्यायला आणलेलं,
बूच दातांनी ओढलं.

कापूस बुडवून टेकवला
तसं फसफसलं, बारीक, रागावल्यासारखं.
दुकानभर तिच्या स्वयंपाकघराचा वास.
दोघंही बघत राहिलो
विझेपर्यंत.

सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावली,
झाकणाच्या डब्यात टाकले.
डबा भरला की पंचायतीत नेऊन देतो.
चुलीत नको, खाडीत तर नकोच.

"मधला मला दे."

कशाला?

"त्याने हाताने घातलेला."

खूप वेळ काही सुचेना.
मग विचारलं, नातू केवढा झाला?
"रांगतो. दिसेल ते तोंडात."
बोलता बोलता तिनेच हात मागे घेतला.

स्प्रिंग नवी बसवली.
सेल तिन्ही नवे, एकाच जातीचे,
जुन्यात नवा मिसळायचा नाही.
भर दहा वाजता भिंतीवर पिवळं वर्तुळ पडलं,
कॅलेंडरवर, बरोबर आजच्या तारखेच्या खाली.

तिने झाकण उघडलं,
तिन्ही सेल परत बाहेर काढले,
दुसऱ्या खिशात घातले.

आत्ताच तर घातले होते!

"तूच सांगतोस ना, पोटात ठेवू नको?
रात्री घालीन. आज पुनव.
भरती बारापर्यंत चढते."

मानस आता तू बघतेस?

पुलाकडची बस लागली होती.
धावली नाही. दोन्ही खिसे जड,
सावकाश चढली.

विनागर मात्र काउंटरवरच राहिलं,
बूच न लावलेलं.