दुसरा हातमोजा

पहिला आईने ऑक्टोबरात पुरा केला.
तपकिरी आणि राखी, दोन्ही रंग मेंढीच्या अंगावरचेच,
बाहेरून काही चढवलेलं नाही.
दुसऱ्याचे चौसष्ट टाके घातले,
मनगटापर्यंत आली,
आणि एका मंगळवारी सुया टेबलावर ठेवून म्हणाली,
"दिव्याला काहीतरी झालंय, अर्टी."
दिवा बदलला. जास्त उजेडाचा आणला.
दिव्याला काही झालं नव्हतं.

हे तसं मला बरण्यांवरून कळायला हवं होतं.
रूबार्बच्या मुरंब्याच्या तीन बरण्या फळीवर:
गेल्या सालच्या चिठ्ठीवर अक्षरं ओळीत बसलेली,
यंदाच्या चिठ्ठीवर
एकमेकांच्या खांद्यावर चढलेली.
पण मी मुरंबा खाल्ला, चिठ्ठी कोण वाचतो.

हातमोजे ओस्लासाठी. ती नर्स,
रोज सकाळी येऊन आईच्या डोळ्यांत थेंब घालते.
"पोरगी गुणाची," आई म्हणते,
"पण हात म्हणजे जानेवारीतला मासा.
तिच्यासाठी नाही विणत मी,
माझ्या पापण्यांसाठी विणतेय."

येल बेटावर झाडं नावालाच,
वारा उधारी वसूल करायला आल्यासारखा
थेट आमच्या कडीला हात घालतो.
मी फेरीबोटीवर दोर टाकतो, दोर ओढतो,
गाड्या चढवतो, गाड्या उतरवतो.
पलीकडचा धक्का वीस मिनिटांवर.
मध्ये खलाशांच्या खोलीत जो वेळ मिळतो
त्यात मी आईचा पट्टा कमरेला बांधला,
चामड्याचा, भोकाभोकांचा, आत घोड्याचे केस भरलेले.
सुईचं टोक त्यात खोचायचं, म्हणजे हात मोकळा राहतो.
आईला तो तिसऱ्या भोकावर बसायचा,
मला शेवटच्यावर, तोही श्वास रोखून.

गिबी, आमचा इंजिनवाला, दारात उभा राहून हसला.
चार दिवस हसला.
पाचव्या दिवशी खिशातून मोजा काढून म्हणाला,
"टाच गेलीय. बघतोस का जरा?"

तीनदा टाके सुटले. एकदा समुद्र खवळला
आणि अख्खी ओळ सुईवरून घरंगळली.
शिव्या दिल्या, पुन्हा उचलली.
रविवारी पुरा झालेला हातमोजा
काही न बोलता आईच्या मांडीवर ठेवला
आणि बॅनकचं पीठ मळायला घेतलं.
ताक, मीठ, मूठभर बेदाणे,
जाड गोल थापून तव्यावर टाकले.
पाठ तिच्याकडे. कान तिच्याकडेच.

ती अंगठ्याने वाचत गेली,
खालून वर, ओळीमागून ओळ,
आणि एका जागी थांबली.
"इथून पुढे माझा नाही."
मी तव्याकडे बघत राहिलो.
"बोट धक्क्याला बांधतोस तसं विणलंयस.
लोकर कुठे पळून जाणार होती, रे?
तुझ्या बापाची गाठ अशीच असायची,
सुरीशिवाय सुटायची नाही.
ओस्लाची बोटं आत गेली तर बाहेर यायची नाहीत."

मग बराच वेळ काहीच नाही.
वाऱ्याने कडी वाजवली.

"उसव."
"सगळा?"
"मनगटापर्यंत. ते माझं आहे.
नाही, थांब."
तिने पुन्हा अंगठा फिरवला.
"त्याच्यावरच्या चार ओळीही ठेव.
त्या जमल्यात. तेव्हा तू घाबरलेला नव्हतास."

तिने दोन्ही हात पुढे धरले, वीतभर अंतरावर,
मी टोक सोडवलं आणि लोकर तिच्या हातांवर गुंडाळत गेलो.
सरळ येईना ती, वळणावळणांची यायची,
जणू प्रत्येक टाका अजून तिच्या ध्यानात होता.
तव्यावरून वास आला. दोघांनाही उठता येईना:
तिच्या हातांवर लोकर, माझ्या हातात टोक.

"करपू दे," आई म्हणाली.
"तू ओढ."